बायपासच्या आखणीतला देव

काही गुन्हे कागदावर अगदी लहान असतात, पण निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाहीत. पनवेलला असतानाचे हे प्रकरण त्यातलेच. चोरीस गेलेली मालमत्ता काय, तर शेंदूर फासलेला एक दगड. पण त्या दगडापायी एका माणसाची आखाती देशातली नोकरी जायची वेळ आली होती, आणि तो माणूस तोंड उघडायला तयार नव्हता.

आधी बायपासबद्दल सांगितले पाहिजे. पनवेलला मी पहिल्यांदा हजर झालो तेव्हा "आता बायपास होतोय" असे जो तो सांगायचा. बदली झाली, दोन जिल्हे फिरून मी पुन्हा पनवेललाच आलो, तरी तो होतच होता. तोवर कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रेलर, कोकणात जाणाऱ्या एसट्या, रिक्षा आणि लग्नाच्या वराती असे सगळे गावातल्या एकाच रस्त्यावरून चालले होते. शिट्ट्या फुंकून माझ्या शिपायांचे गाल दुखायचे. त्यामुळे भूसंपादन उरकून एकदाचा मुरूम पडायला लागला, तेव्हा ठेकेदारापेक्षा जास्त आनंद आम्हा पोलिसांना झाला असेल.

रस्त्याची आखणी नेऱ्याच्या बाजूच्या एका गावाला लागून जात होती. अलीकडे घरे, पलीकडे गावची निम्मी शेते, मधून रस्ता. आणि बरोबर त्या पट्ट्यात गावाचा राखणदार देव होता. देऊळ नाही, छप्पर नाही, एक चौथरा आणि त्यावर तो दगड. गावात दोन-तीन बैठका झाल्या. शेवटी समितीने ठरवले, की शाळेजवळ स्लॅबचे नवे देऊळ बांधायचे आणि देव वाजतगाजत तिथे न्यायचा. ठेकेदारानेही हात जोडून हो म्हटले. देऊळ बांधून झाले, रंग लागला, दिवस ठरला.

त्या सकाळी बेंजोवाले, बायका आणि पाहुणे चौथऱ्यापाशी पोहोचले, तर चौथरा रिकामा!

समितीचे अध्यक्ष दोन गाड्या भरून माणसे घेऊन ठाण्यात आले. माणूस तापट, पण मनाचा वाईट नव्हे. टेबलावर हात आपटून म्हणाले, "सायेब, आमचा देव चोरलाय. देव गावत नाय तवर रस्त्याचा एक पाटी मुरूम आमी पडू देनार नाय."

मी म्हणालो, "आधी बसा. पाणी प्या. मग फिर्याद लिहून घेऊ."

"लिवून काय व्हतंय? शोधा!"

"शोधायलाच लिहावं लागतं, अध्यक्ष."

अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल केला, जागेचा पंचनामा केला. रस्त्याच्या कामावर चाकोऱ्यांना तोटा नसतो, त्यामुळे टायरच्या खुणांचा काही उपयोग नव्हता. गावकऱ्यांनी घराघरातून, गोठ्यांतून, ठेकेदाराच्या गोदामातून शोध घेतला. कळंबोलीच्या भंगारवाल्यांकडे मी माणसे पाठवली, दगड भंगारात जात नाही हे ठाऊक असूनही. गाव रस्त्याच्या आखणीवर ठाण मांडून बसले. काम बंद. तहसील कचेरीतून फोन, ठेकेदाराच्या इंजिनिअरचा फोन, वरिष्ठांचा फोन. इतकी वर्षे रखडलेला बायपास आता पोलिसांमुळे अडला, असे ऐकायची पाळी आली.

साइटच्या तोंडाशी वडापावची गाडी लावणारा एक जण मला अधूनमधून बातम्या पुरवायचा. त्याने सांगितले, की त्या दिवशी पहाटे उजाडताना एक रिकामा डंपर चौथऱ्यापाशी उभा दिसला होता. ड्रायव्हर खाली उतरलेला होता. यापलीकडे त्याने काही पाहिले नव्हते.

ड्रायव्हरचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. पनवेलच्याच मोहल्ल्यातला, तिशीचा, शांत चेहऱ्याचा मुसलमान तरुण. थोरला भाऊ आखातात होता. त्याने याच्यासाठी तिकडे अवजड गाडीवर ड्रायव्हरची जागा धरून ठेवली होती. योगायोग असा, की पोलिसांच्या दाखल्यासाठी याचा अर्ज माझ्याच ठाण्यात चौकशीला पडलेला होता. गुन्ह्यात नाव आले, की दाखला अडणार, आणि दाखल्याविना व्हिसाची मुदत सरणार. हे त्यालाही ठाऊक होते, मलाही.

मी त्याला चौकशीकामी बोलावले. अटक केली नाही. दिवसा ठाण्यात बसायचे, संध्याकाळी घरी जायचे. ही गोष्ट गावात कळू दिली नाही, नाही तर मोर्चा माझ्याच दारात आला असता. पण वडापाववाल्याने मला सांगितलेले गावालाही सांगितले असणार. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष पुन्हा हजर.

"त्यो डंपरवाला कामावर येत नाय. पलाला त्यो. त्याचं नाव टाका सायेब."

"पुरावा मिळाला की टाकतो."

"पलाला ह्योच पुरावा!"

त्यांना कसेबसे वाटेला लावले. डंपरवाला तेव्हा आतल्या खोलीत चहा पीत बसला होता.

माझी विचारपूस करायची पद्धत साधी असे. आवाज चढवायचा नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा, पण क्रम बदलून विचारायचे. खोटे बोलणाऱ्याला क्रम आठवावा लागतो, खरे बोलणाऱ्याला लागत नाही. हा माणूस सगळे सरळ सांगत होता. मुरूम कुठल्या खाणीतून भरला, कुठे रिकामा केला, परतताना कुठे थांबला.

"चौथऱ्यापाशी थांबला होतास?"

"हो साहेब."

"देव तू चोरलास?"

"नाही साहेब. अल्लाकसम, चोरी नाही केली."

"मग कुणी हलवला?"

इथे आला की तो खाली मान घालायचा आणि गप्प बसायचा. चार वेळा विचारले, चारही वेळा तेच. मला एक गोष्ट खटकली. कुठलाही गुन्हेगार 'मला माहीत नाही' हे सर्वात आधी म्हणतो. ते म्हणायला काही लागत नाही. हा मात्र ते म्हणतच नव्हता. म्हणजे याला माहीत होते, आणि खोटे बोलायचे नव्हते.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी होती. डबा बाकावर ठेवून ती माझ्या टेबलाशी आली.

"साहेब, तुम्ही तरी त्यांना बोलायला सांगा. घरी पण बोलत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, 'तू फिकीर करू नको.' व्हिसा गेला तर जेठजींना काय तोंड दाखवू? त्यांनी किती जणांच्या हातापाया पडून ही जागा मिळवलीये."

"बाई, मी दोन दिवस तेच करतोय," मी म्हणालो. तिची मला दया आली, आणि त्या माणसाचा रागही आला. घरात एवढी काळजी असताना कुणासाठी हा तोंड शिवून बसला होता?

त्याच दुपारी मी गावातल्या एका म्हाताऱ्यांना साक्षीसाठी बोलावले होते. त्या देवाला पहिला नारळ द्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे होता. गाव त्यांना नाना म्हणायचे. देवाच्या जुन्या खाणाखुणा, उंची, आकार हे पंचनाम्याला जोडायला हवे होते, एवढाच हेतू. हवालदार त्यांना घेऊन आला. बाकावर डंपरवाला भाकरी खात बसलेला. नाना थबकले.

"तू? तू हितं कशाला?"

डंपरवाल्याने घास तसाच हातात धरून भिंतीकडे तोंड फिरवले. गावातले कुणी ओळखीचे नाही, असे त्याने मला सांगितले होते. दोन दिवसांत त्याने सांगितलेली तेवढीच खोटी गोष्ट.

मी नानांना समोर बसवले. काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "जानार हाय म्हनला व्हता, मला वाटलं, ह्यो गेला अरबस्तानात. गाव वरडत व्हतं 'पलाला, पलाला.' मी म्हनलो, वरडू दे. पोरगा सुखरूप पोचला, आता कोन त्याचं काय करतंय."

"नाना, याचा अर्थ काय?"

"अर्थ ह्योच, का त्याला घरी जाऊ द्या. देव मी न्हेलाय."

मग सगळा उलगडा झाला. बैठकीत नानांनी जीव तोडून सांगितले होते, की हा वेशीवरचा देव आहे, याच्यावर छप्पर चालत नाही, हा घरातल्या देवासारखा कोंडायचा नाही. शिवाय रस्त्याच्या पलीकडे गावची निम्मी शेते जाणार. राखणदार गावात शाळेजवळ आणून बसवला, तर पलीकडच्या शेतांना कोण? पण देऊळ बांधायला निघालेल्या लोकांना हे ऐकायला वेळ नव्हता. तरुण पोरे तर "नानांना स्लॅबचा त्रास होतो" म्हणून हसली.

म्हणून समारंभाच्या पहाटे नाना एकटेच चौथऱ्यावर गेले. नारळ फोडला, कौल मागितला, आणि दगडाला हात घातला. दगड हलेना. इतक्यात हा डंपर परत चाललेला दिसला. नानांनी हात केला.

"त्याला समदं सांगितलं. त्यो म्हनला, 'नाना, मी मुसलमान हाय, माझा हात चालंल का?' मी म्हनलो, 'देवाला हात लागतो, जात नाय लागत. उचल.' केबिनला छप्पर, म्हनून देव मागं हौद्यात ठेवला. मी बसलो त्याला धरून. त्यो असा हलू डंपर चालवीत आला, का बाळंतीन घेऊन चाललाय."

"मग याला गप्प राहायला कुणी सांगितलं?"

"मीच. देवाची आन घातली त्याला. गावात कलंल तर लोक म्हनतील देव बाटला, आनी पोराला मारतील. म्हनून बोललो, कायबी झालं तरी तुझं नाव येऊ देऊ नको, माझं बी घेऊ नको. रस्त्याचा भराव एकदा वर आला, देव माघारी न्यायची वाट बंद झाली, का मी सवताच सांगनार व्हतो. गाव कामच बंद पाडंल, हे कुनाला ठावं!"

घराघरांत शोधणाऱ्यांना देव सापडला नाही, कारण ज्याला छप्पर चालत नाही तो घरात असणारच नव्हता. तो आखणीच्या पलीकडे, जुन्या वेशीवर करवंदीच्या जाळीपाशी उघड्यावर बसला होता. ती शेते संपादनाच्या गडबडीत त्या वर्षी पडीक राहिल्याने तिकडे कुणी फिरकलेच नव्हते.

आता खरी परीक्षा होती. नानांचा जबाब नोंदवला, की डंपरवाल्याचे नाव त्यात येणार आणि ते गावाला कळणार. मी नानांना म्हटले, "याला मी बाहेर ठेवून बघतो." ते म्हणाले, "नको. आन मी घातली, मीच सोडवनार."

देव सापडलेल्या जागेच्या पंचनाम्याला निम्मे गाव आले. माझ्या चार शिपायांनी काठ्या घट्ट धरल्या होत्या. नाना देवापाशी उभे राहिले आणि खणखणीत बोलले, "देव मी आनला. एकल्याला उचलना, म्हनून ह्या पोराला हाक मारली. ह्याच्या हातानं देव हितं बसलाय. ज्याला काय बोलायचं त्यानं मला बोला."

अध्यक्ष पुढे झाले, देवाभोवती फिरले, दगड नीट बसलाय का ते हाताने हलवून पाहिले. मग डंपरवाल्याकडे वळले.

"येवढा धोंडा उचललास, कंबर नाय धरली?"

"धरली ना. म्हणूनच दोन दिवस साहेबांच्या बाकड्यावर बसून होतो."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळेच. माझ्या शिपायांनी काठ्या काखेत मारल्या. देव तिथेच ठेवायचे ठरले. शेतांकडे जायला भरावाखालून मोरी आधीच मंजूर होती, तिचीच वाट देवाला जायला झाली. नव्या देवळात पुढे गणपती बसवला, त्याला छपराचे वावडे नव्हते. दुसऱ्या दिवशी मुरूम पडायला लागला. चोरीचा हेतूच नव्हता, म्हणून गैरसमजातून फिर्याद झाल्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला आणि त्याच दिवशी डंपरवाल्याच्या दाखल्यावर सही केली. मुदतीच्या आत तो विमानात बसला.

पंचनाम्याहून परतताना तो माझ्या जीपमध्ये होता. राहवले नाही म्हणून मी विचारले, "अरे, आण घातली ती त्यांच्या देवाची. तू त्या देवाला मानत नाहीस. नोकरी जात होती, बायको रडत होती. सांगून टाकायला काय झालं होतं?"

तो जरा ओशाळून हसला. म्हणाला, "देव नानांचा, साहेब. जबान तर माझी होती ना."

आमच्या खात्यात माणसाला बोलते करणे ही मोठी कला समजतात. मीही त्यात बऱ्यापैकी होतो, आणि भीतीने, पैशाने, नाहीतर भावाभावांच्या वैराने माणसे कशी भडाभडा बोलतात हे आयुष्यभर पाहिले. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी नव्या पोरांनाही शिकवले. या प्रकरणानंतर त्यात एक प्रश्न वाढवला, की तो कुणासाठी लपवतोय ते आधी बघा. जीप मोहल्ल्याच्या तोंडाशी थांबली. त्याची बायको दाराशी वाट पाहत उभी होती. तो उतरून तिच्याकडे चालू लागला तेव्हा माझ्या मनात आले, बरे झाले, हा माणूस माझ्यापुढे बोलला नाही.