कॅप्टन आर्नीचा आगीचा वर्ग

आर्नी हेक्किनेनचा आवाज पाइक लेक गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता. आगीच्या ठिकाणी तो एकदा ओरडला की रस्त्यापलीकडची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. गावच्या अग्निशमन दलात त्याचे केस पांढरे झाले होते आणि तिथेच तो कॅप्टन झाला होता. धुराने भरलेल्या घरात शिरताना त्याचं पाऊल कधी अडखळलं नव्हतं. पण चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की गडी गार. स्वतःच्या लग्नातलं आभाराचं भाषणसुद्धा त्याने धाकट्या भावाच्या गळ्यात घातलं होतं.

अशा माणसाला ऑगस्टअखेर कम्युनिटी कॉलेजातून मिसेस लिंडक्विस्टचा फोन आला.

"आमचे अग्निशमनाचे मास्तर फ्लोरिडाला निघाले, कायमचे. आठवड्यात दोन संध्याकाळी वर्ग, शनिवारी मैदानावर सराव. तुमची नोकरी सांभाळून होईल. कधीपासून येताय?"

"बाई, मला शिकवता येत नाही."

"आग विझवता येते ना?"

"ती येते."

"मग झालं तर!" म्हणून बाईंनी फोन ठेवला.

बायको जोआन ओट्याशी बटाटे सोलत होती. "नाही म्हणालास ना?"

"म्हणालो की! तिने ऐकलंच नाही."

पहिल्या संध्याकाळी आर्नी आगीचा सगळा पोशाख चढवून वर्गात गेला. जाड कोट, बूट, हेल्मेट, पाठीवर हवेची टाकी. त्याला वाटलं, पोशाखच अर्धं काम करील. समोर बारा-चौदा जण बसले होते. लाकूडतोड करणारे दोघे, बर्फ उपसायचा ट्रक चालवणारा एक, ब्रॅडी नावाचा एक तोंडाळ तरुण मेकॅनिक. आणि पहिल्याच बाकावर, हाताची घडी घालून, व्हर्ना पेल्टो.

व्हर्ना आणि आर्नी एका शाळेत, एका इयत्तेत. आता ती त्याच शाळेच्या स्वयंपाकघराची मालकीण होती म्हटलं तरी चालेल. मुख्याध्यापकसुद्धा तिला विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा सूप घेत नसत. ती राहायची जंगलातल्या ऑटर क्रीक वस्तीवर. तिथे बंब होता, पण तो चालवणारे सगळे म्हातारे झाले होते. गेल्या हिवाळ्यात एका गोठ्याला आग लागली तेव्हा दोघांना बंबावर चढायलाच तिसऱ्याने हात द्यावा लागला होता. म्हणून व्हर्नाने या वयात वर्गात नाव घातलं होतं.

आर्नीने तोंड उघडलं. घसा खाकरला. मागच्या पडद्यावर लावलेल्या धड्याचं पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्याशी जो थबकला तो थबकलाच. टेबलाला धरून खांबासारखा उभा.

आता त्या पोशाखाच्या पट्ट्याला एक भोंगा असतो. आत गेलेला माणूस जराशा वेळात हललाच नाही, तर तो बेशुद्ध पडला असं समजून भोंगा बोंब ठोकतो. आर्नीने तो सवयीने चालू करून ठेवला होता. आधी तो बारीक किणकिणला, आणि मग जो काही कोकलायला लागला की शेजारच्या वर्गातल्या हिशेबाच्या बाई धावत आल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"मास्तर गेले!" ब्रॅडी म्हणाला.

सगळा वर्ग खो खो हसला. भोंगा बंद करताना आर्नीचे कान लालबुंद झाले होते. उरलेला तास त्याने पडद्याकडे तोंड करून वाचून काढला, आणि मागच्या बाकावरचे लाकूडतोडे सुखाने झोपले.

घरी येऊन तो खुर्चीत धपकन बसला. "उद्या बाईंना सांगतो, दुसरा बघा."

जोआनने त्याच्यासमोर मांस-बटाटा भरलेली गरम पॅस्टी ठेवली. "मागच्या नाताळात माझ्या बहिणीकडे तू पिठाच्या गिरणीच्या आगीची गोष्ट सांगितलीस. आठवतंय? माझ्या मेव्हण्याच्या हातातला काटा तसाच राहिला होता. तो माणूस जेवायचा थांबला, आर्नी! तो!"

"ते घर होतं गं. तिथे काय, गप्पा होत्या."

"मग वर्गात गप्पा मार. कोण धरतंय तुला?"

पुढच्या खेपेला तो साध्या शर्टात गेला. पडदा लावलाच नाही. टेबलाच्या कडेवर टेकला आणि खाली बघतच म्हणाला, "गिरणीला आग लागली होती. दार बंद होतं, पण दाराच्या फटीतून धूर बाहेर येत होता आणि परत आत ओढला जात होता. जणू गिरणी श्वास घेतेय. अशा वेळी दार उघडाल का?"

"उघडणार की," ब्रॅडी म्हणाला. "आत जायचं तर उघडायला नको?"

"उघडलंस तर तू दारासकट रस्त्यापलीकडे जाऊन पडशील. आत आग भुकेलेली असते. तू तिला हवेचं ताट वाढून दिलंस."

लाकूडतोडे जागे होते. आर्नीने मान वर केली, तर सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला आश्चर्य वाटलं की आपला आवाज चालूच आहे.

त्यानंतर वर्ग रंगायला लागला. शनिवारी मैदानावर शिड्या लावणं, पाण्याच्या जड नळ्या ओढणं, डोळे बांधून भिंतीच्या कडेने रांगणं. एक गोष्ट तो रोज घोकून घ्यायचा. "आत जाताना दोघं. एकटा कोणी नाही, मी सांगितलं तरी नाही. आणि अडकलात, तर लगेच वायरलेसवर तीनदा म्हणायचं, मेडे, मेडे, मेडे. लाजायचं नाही. 'बघू जरा, निघतंय का' करणारे मरतात."

व्हर्ना नळी ओढण्यात लाकूडतोड्यांना भारी होती. शाळेतली मोठी भांडी उचलून तिचे दंड लोखंड झाले होते. पण मास्क चढवला की तिचा जीव घाबरा व्हायचा. दोन श्वास घेतले की ती तो ओरबाडून काढायची.

"आर्नी, तुझ्या या डबड्यात मी मरेन हं!" मग आजूबाजूला बघून, "चुकलं. कॅप्टन, तुमच्या डबड्यात."

दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या वेळी ती मास्क हातात घेऊन बंबाच्या पायरीवर बसली. "मला नाही जमायचं. वस्तीवर कॉफी करून देईन सगळ्यांना."

आर्नी शेजारी टेकला. स्वतःचं ते टेबल, तो पडदा त्याला आठवत होता. "व्हर्ना, शाळेत या आठवड्यात जेवायला काय आहे?"

"हे काय मध्येच?"

"सांग तर. मास्क घालून सांग."

तिने मास्क चढवला. आतून आवाज डब्यात बसल्यासारखा आला. "सोमवारी शेवया आणि चीज. मंगळवारी कोंबडी. बुधवारी मीटलोफ. गुरुवारी वाटाण्याचं सूप, गुरुवारी आमच्याकडे नेहमी तेच. शुक्रवारी मासे…" मग पुढचा आठवडा. मग त्याच्या पुढचा. आणि मास्क जागच्या जागी. मे महिन्यापर्यंतचा स्वयंपाक झाला तेव्हा टाकीतली हवा संपत आली होती.

ऑक्टोबरात ह्याल्मर नावाच्या म्हाताऱ्याने आपलं जुनं रिकामं घर वर्गाला दिलं. "शिका, जाळा, काय हवं ते करा. मला तिथे बटाटे लावायचेत." आधी एक शनिवार नकली धुरात शोधाशोधीचा सराव, आणि पुढच्या शनिवारी खरी आग, असं ठरलं. ह्याल्मर घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास घेऊन अंगणात येऊन बसला. येतानाच त्याने सांगितलं, "स्वयंपाकघरामागची कोठी सांभाळ हो आर्नी. तिथली जमीन कुजलीय."

"बघितलीय मी, आजोबा."

बघितली होती, पण बाहेरून, टॉर्च मारून. धुराचं यंत्र सुरू झालं, घर पांढऱ्या धुराने गच्च भरलं, आणि आर्नीच्या लक्षात आलं की वाळू भरलेला बाहुला अजून बाहेरच आहे. त्यालाच तर विद्यार्थ्यांनी शोधायचं होतं.

"थांबा, मी ठेवून येतो."

"कॅप्टन, एकटे?" ब्रॅडीने विचारलं.

"एका मिनिटाचं काम आहे रे!"

बाहुला कोठीच्या दाराशी ठेवला तर शोधायला छान अवघड, आणि तिथवर जमीन धड असेल, असं त्याला वाटलं. त्याने उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि कडकन आवाज झाला. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला. खाली तळघर; पाय हवेत लोंबकळत, आणि घोटा दोन फळ्यांच्या बेचक्यात अडकलेला. बाहुला त्याच्या छातीवर आडवा.

त्याने पाय ओढला. शेजारची फळी करकरली. पुन्हा ओढला. घोट्यातून कळ थेट डोक्यात गेली. वायरलेस छातीवर, अगदी तोंडाशी होता. सगळ्या नोकरीत त्याने तो शब्द कधी उच्चारला नव्हता. बाहेर त्याचे स्वतःचे विद्यार्थी उभे. ब्रॅडी काय म्हणेल? ह्याल्मर तर वर्षभर चर्चमध्ये सांगत फिरेल. 'बघू जरा,' तो मनाशी म्हणाला, 'निघतंय का.'

आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याला मास्कच्या आत हसू फुटलं.

"मेडे, मेडे, मेडे," तो म्हणाला. "कॅप्टन हेक्किनेन. कोठीत आहे. पाय जमिनीतून खाली गेलाय. खरंच सांगतोय, हा सराव नाही."

मग बाहेरून व्हर्नाचा आवाज आला, स्वयंपाकघरातला, चारशे पोरांना रांगेत उभं करणारा. "यंत्र बंद करा! खिडक्या उघडा! ब्रॅडी, माझ्याबरोबर. बाकीचे शिडी आणा, आणि ते झोपायच्या खोलीचं दार बिजागरीतून काढा!"

आर्नी धुरात कान लावून होता. आधी काही नाही. मग जमिनीलगत, घासत घासत, डब्यातला आवाज जवळ आला. "मंगळवारी कोंबडी. ब्रॅडी, भिंत सोडू नकोस. बुधवारी मीटलोफ…"

"गुरुवारी वाटाण्याचं सूप!" आर्नी ओरडला. "इकडे, डावीकडे!"

"ओरडू नका, कॅप्टन. हवा वाचवा. तुम्हीच शिकवलंय."

त्यांनी काढलेलं दार फळ्यांवर आडवं सरकवलं, म्हणजे वजन पसरेल. व्हर्ना त्यावर पोटावर झोपून पुढे आली आणि तिने त्याला बगलांखाली धरलं. ब्रॅडीने कुऱ्हाडीच्या टोकाने घोट्याजवळची फळी उचकटली. "एक, दोन, तीन!" आर्नी बाहेर आला, बूट तळघरात राहिला.

अंगणात त्याला स्ट्रेचरवर घेतलं. ह्याल्मर कॉफी ओतत म्हणाला, "मी सांगितलं होतं."

"हो, आजोबा."

"बाहुल्याचं काय?" ब्रॅडीने विचारलं. "त्याला आधी शोधायचं की तुम्हाला, ते सांगितलं नव्हतं."

घोटा मोडला होता. जोआन दवाखान्यात आली आणि हसावं की रागवावं ते न कळून तिने दोन्ही केलं. पुढच्या सोमवारी आर्नी कुबड्या घेऊन वर्गात गेला, आणि त्या दिवशीची गोष्ट त्याने आपणहून, पहिल्यापासून सांगितली: एकटा कसा गेलो, किती वेळ गप्प बसलो, का बसलो. सगळ्यांत शांत वर्ग तो झाला. हिशेबाच्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

दोन आठवड्यांनी घर जळलं. कोठीवर फळ्या ठोकून ती बंद केली होती. आर्नी प्लॅस्टरचा पाय पुढे करून ह्याल्मरच्या शेजारी खुर्चीत बसला आणि तिथून ओरडत होता. कुत्री गप्प झाली. दहा वेळा आग लावली, दहा वेळा पोरांनी विझवली, आणि शेवटी घराला सुखाने जळू दिलं. वस्तीवरच्या बायकांनी पॅस्ट्या आणल्या होत्या. मिसेस लिंडक्विस्टनी दोन खाल्ल्या आणि पुढच्या वर्षाचं विचारलं. आर्नी या वेळी नाही म्हणाला नाही.

व्हर्ना परीक्षेत पास झाली. वसंतात बर्फ वितळत असताना ऑटर क्रीकला एका घरामागच्या लाकडी सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, आग लागली, आणि मदतीला पाइक लेकचा बंब निघाला. चिखलातून आर्नी पोचला तेव्हा आग विझली होती. सौनाचं अर्धं छप्पर गेलं होतं, घराला धग लागली नव्हती. मालक फक्त टॉवेल गुंडाळून, लोकरीची टोपी घालून दारात उभा होता. बंबाशेजारी व्हर्ना काळ्याकुट्ट तोंडाने चूळ भरत होती, आणि ते म्हातारे तिच्या हुकमाने इकडून तिकडे पळत होते.

"उशीर केलात, कॅप्टन."

"रस्ता वाहून गेलाय गं पुलाशी. आत कोण कोण गेलं?"

"आम्ही दोघं. जोडीने." तिने ओल्या नळीचं टोक त्याच्या हातात दिलं. "आलाच आहात, तर ही गुंडाळा. आणि नीट घट्ट गुंडाळा, आर्नी. मागच्या वेळी तुझी सुटली होती."

आर्नीने बाह्या वर केल्या, चिखलात गुडघा टेकला आणि नळी गुंडाळायला घेतली.