अक्कांचा नमस्कार

आमच्या सोलापूरच्या हॉस्पिटलात गुडघा बदलायला आलेला पेशंट खोलीत शिरला, की डॉक्टर गिरिजा खुर्चीतून उठायच्या आणि सरळ त्याच्या पायाशी वाकायच्या. दोन्ही हातांनी घोट्याची हाडं चाचपायच्या. त्यांना घोट्याचा मध्य शोधायचा असे. पण सत्तरीतल्या माणसांना ते कुठलं कळायला? हात आपोआप डॉक्टरांच्या डोक्यावर जायचा. "औक्षवंत हो गं बाई!"

आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो. भवानी पेठेतल्या व्यापारी घरातल्या. घरी कन्नड, बाहेर मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. मी त्यांच्या पेशंटना भूल देणारा डॉक्टर. त्या निवृत्त होईपर्यंत आमची जोडी टिकली. "अक्का, फुकटचे आशीर्वाद लाटता," असं मी चिडवायचो.

"मग परत करू का? असू देत की. ऑपरेशनला आत गेल्यावर लागतात," म्हणून त्या दुसरा घोटा धरायच्या.

त्यांचं सगळं शास्त्र एका रेघेत होतं. खुब्याच्या मध्यातून निघालेली रेघ गुडघ्यामधून जाऊन घोट्याच्या मध्यावर उतरली पाहिजे. ती चुकली तर नवा सांधा एका बाजूनं झिजतो आणि माणूस पुन्हा खाटेला खिळतो. ही रेघ कुणी आखून ठेवलेली नसते. हाडांच्या उंचवट्यांवरून ती ओळखायची. नवे डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावरचे आकडे वाचू लागले, की अक्का म्हणायच्या, "मशीनला विचारा, नाही कोण म्हणतं? पण आधी हाडाला विचारा की." स्वतः बोटं फिरवताना डोळे मिटून पुटपुटायच्या, "तडी, तडी..." कन्नडमध्ये तडी म्हणजे थांब. हे त्या आम्हाला सांगत की हाडाला, मला कधी कळलं नाही.

एकदा सांगोल्याकडच्या हौसाबाई आल्या. मेंढरांमागं आयुष्य काढलेली म्हातारी. तरुणपणी शेळ्यांसाठी बाभळीच्या डहाळ्या तोडताना पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि वाकडंच जुळलं. आता गुडघाही गेला होता. आईला चालवत नाही म्हणून मुलानं कळप विकायचं काढलं होतं, त्या धास्तीनंच बाई दवाखान्यात आल्या होत्या. अक्का सवयीनं वाकल्या, तर हौसाबाईंनी पाय मागं घेतला.

"आशीर्वाद पायजे व्हय? आत्ता न्हाय. मेंढरामागं चालले की मग."

अक्कांना असं कुणी परतवलेलं मी पाहिलं नव्हतं. मला हसू आवरेना.

एक्स-रे पाहिल्यावर ते हसू गेलं. एरवी मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालून दिशा धरतात. इथं हाड मधेच वाकलेलं. सळई जाणार कशी? पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही तेच म्हणालो. हौसाबाई कडाडल्या, "मी कुटं जायची न्हाय. ही माज्या पायाशी वाकलीया, हिनंच करायचं!"

"आतली वाट बंद आहे, बाहेरच्या खुणा आहेत की," अक्का शांतपणे म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी माझ्याकडून ईसीजीची बटणवाली एक चिकटपट्टी मागून घेतली आणि एक्स-रेत बघून बरोबर खुब्याच्या मध्यावर कातडीला चिकटवली. वर कापडं अंथरली तरी तिचं बटण बोटाला लागत होतं. गुडघा उघडल्यावर एक सरळ सळई बाहेरूनच मांडीवर धरली, टोक त्या बटणाकडे. मग अक्कांनी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे चाचपले. "तडी, तडी..." करवत तयार होती, पण हात पुढं जाईना. कापलेलं हाड पुन्हा जोडता येत नाही.

भूल कमरेखालचीच होती. पडद्याआडून हौसाबाईंनी विचारलं, "थांबलीस का गं?"

"खूण शोधतेय, आजी."

"शोध. मला घाई न्हाय."

अक्कांनी पुन्हा एकदा ते बटण चाचपलं. "हं. सापडली." करवत चालली. सांधा बसला, पाय सरळ केला, एक्स-रे घेतला. खुबा, गुडघा, घोटा, तिन्ही एका रेघेत! मी मास्कमधूनच ओरडलो, सिस्टर हसायला लागल्या. अक्का एवढंच म्हणाल्या, "आजी चालू देत की आधी."

काही महिन्यांनी हौसाबाई आल्या. काठी काखेत, पाय जमिनीवर आणि आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत.

"आजी, कळप?" अक्कांनी घाईनं विचारलं.

"हाय की! मेंढरं म्होरं, मी त्यांच्या मागं, आन् ल्योक माज्या मागं. दमतोय त्यो." पुढं केलेली खुर्ची त्यांनी बाजूला सारली आणि खोलीच्या मधोमध ताठ उभ्या राहिल्या. "हां. आता पड पाया."

आमच्या अक्का, अख्ख्या हॉस्पिटलला धाकात ठेवणाऱ्या, मुकाट्यानं वाकल्या. हौसाबाईंनी दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले. "तुजी बोटं अशीच चालू ऱ्हाऊ देत, बाय!" अक्का मात्र उठेचनात.

"उठा की अक्का," मी म्हणालो.

"तडी, तडी..." दोन्ही हात घोट्यांवर. तिथूनच गुडघ्यावरून खुब्यापर्यंत नजर नेत त्या हसल्या. "रेघ सरळ आहे की!"