सुनेच्या जागेवर सासू

कंडक्टरबाईंना भांडणाची भीती कधी वाटलीच नाही. उमेदीची सगळी वर्षं शहराच्या बसमध्ये गेलेली. गच्च गर्दीत कोपराने वाट काढायची, फुकट्याला हात न लावता नुसत्या जिभेने खाली उतरवायचं आणि दर थांब्याला "पुढे सरका, मागे काय मध लागलाय का?" असं ओरडायचं. तो आवाज असा की झोपलेला प्रवासी आपला थांबा नसतानाही उतरून जायचा. डेपोत त्यांना भोंगा म्हणत. त्यांच्या तोंडावर म्हणत, आणि त्याही 'ओ' देत.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा डेपोने त्यांना बसमधून उतरवून सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं. छत्र्या, डबे, एकाच पायातले बूट, आणि एकदा तर पाण्याच्या बाटलीत घालून ठेवलेली अख्खी कवळी. वस्तू बोलत नाहीत आणि त्यांचे मालक येत नाहीत. बाईंचा घसा गंजायला लागला आणि देह चारी बाजूंनी वाढायला लागला. नवरा चित्रकलेचा निवृत्त मास्तर, स्वभावाने खोडरबर. तो त्यांच्याशी भांडायचाच नाही, मग करमणूक कशी व्हायची?

मुलगा परगावी नोकरीला. घरात सून होती, पण तिच्याशी भांडायची सोय नव्हती, कारण ती दिवसभर दुसऱ्यांच्या शिव्या खाऊनच घरी यायची. एका कंपनीत फोनवर गाऱ्हाणी ऐकायची नोकरी. लोक तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि ती मधाळ आवाजात "आपली अडचण मी समजू शकते" म्हणायची. त्यावर उतारा म्हणून तिने कराटेचा क्लास लावला होता. मोठ्या माणसांसाठीचा, आठवड्यातून दोनदा, लाँड्रीच्या माडीवरच्या हॉलमध्ये. पहिली परीक्षा तोंडावर आली आणि तिला दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी लाथा-बुक्क्या बंद करायला सांगितल्या.

घरात आनंदीआनंद, आणि सून मात्र तोंड पाडून बसलेली.

"आता काय झालं?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"आई, आमच्या क्लासला माणसंच कमी आहेत. अजून एक जण गळला तर हॉलचा मालक आमची वेळ त्या नाचवाल्यांना देणार. मग बाळ झाल्यावर मी जाऊ कुठे?"

"बसमधली जागा असती तर रुमाल टाकून धरली असती."

सुनेने डोळे पुसले आणि सासूकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग तुम्हीच जा ना रुमाल म्हणून."

मास्तर वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अगं, साधा जिना चढताना तू गुडघ्यांना शिव्या घालतेस."

"आता लाथ मारताना घालीन," बाई म्हणाल्या. नवऱ्याने 'नको' म्हटलं की ती गोष्ट त्यांच्या हातून आपोआप होऊन जायची.

क्लासचे पांढरे कपडे सुनेच्या मापाचे. अंगरखा पाठीत बसला, पण पुढे येऊन भेटेना. विजार घोट्याऐवजी पोटरीवर थांबली. पांढरा पट्टा कसाबसा बांधून झाल्यावर दोन टोकं उरली ती उंदराच्या कानांएवढी. आरशात पाहून बाई म्हणाल्या, "उशीला अभ्रा घातल्यासारखी दिसतेय." मास्तरांनी मान हलवली नाही, एवढा शहाणपणा त्यांच्यात होता.

शिकवणारे सर म्हणजे लाँड्रीचे मालकच. खाली ते अंगात बनियन घालून इस्त्री करत आणि गिऱ्हाइकाला "मंगळवारी नक्की" असं सांगत. कुठला मंगळवार ते कधीच सांगत नसत. वर आले, काळा पट्टा बांधला की याच माणसाच्या तोंडून शब्दाला जागणं, वेळ पाळणं, शिस्त असलं काहीबाही बाहेर पडायचं. बाईंची एक साडी गेले तीन आठवडे त्यांच्याकडे अडकलेली असल्यामुळे शिस्तीवरचं पहिलं भाषण त्यांनी भुवई उडवून ऐकलं.

मग आकडे सुरू झाले. सर जपानी भाषेत मोजत आणि दर आकड्याला सगळ्यांनी हवेत ठोसा मारायचा. सरांनी "इची!" म्हटल्यावर बाईंनी कान टवकारले. अशी सुरुवात झाली की पुढे शिवीच येते, असा त्यांचा बसमधला अनुभव. पण आलं ते "नी", मग "सान", आणि त्यानंतर सर छाती फुगवून ओरडले, "शी!"

"कुठे?" बाईंनी पाय उचलून खाली पाहिलं.

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "चार," ते म्हणाले. "जपानीत चारला शी म्हणतात."

"म्हणेनात का. आम्ही चार म्हणू."

पण आरोळीची वेळ आली तेव्हा सरांची सगळी नाराजी पळाली. ठोशाबरोबर पोटातून ओरडायचं असतं. एरवीची शिकलेली, नोकरदार माणसं तिथे लाजून मांजरासारखा आवाज काढत. बाईंनी सरांना एकदा विचारलं, "खरंच ओरडू?" आणि ओरडल्या. खिडकीच्या काचा थरथरल्या, खाली लाँड्रीत पोऱ्याच्या हातून कुणाची तरी पँट जळली आणि समोरच्या रस्त्यावर एक बस थांबा नसताना थांबली. कितीतरी दिवसांनी घसा मोकळा झाला होता. घरी जाताना बाई जिना उतरल्या ते गुडघ्यांशी एक शब्द न बोलता.

त्यांचा जोडीदार म्हणून सरांनी दातांचे डॉक्टर दिले. माणूस कपाटाएवढा, मन मात्र लोण्याचं. ठोसा मारायच्या आधी "माफ करा" म्हणायचे, मारल्यावर वाकून पुन्हा "माफ करा" म्हणायचे, आणि बाईंचा ठोसा आला की डोळे मिटून घ्यायचे. "डोळे उघडे ठेवा," बाई खेकसायच्या. "गिऱ्हाइकाचा दात काढतानाही असेच मिटता का?"

खरा क्लास तर घरी चालायचा. सून सोफ्यावर, पाय स्टुलावर, हातात वाटी. सासू समोर घामाघूम.

"आई, कंबर फिरवा. ठोसा कंबरेतून येतो."

"माझी कंबर कुठे आहे ती आधी तू शोधून दे."

"पुन्हा एकदा. आणि या वेळी तोंड बंद."

सासूला तोंड बंद करायला सांगणारी सून त्या घरानेच काय, त्या गल्लीनेही पाहिली नव्हती. मास्तरांनी श्वास रोखला. पण बाईंनी तोंड मिटलं, पुन्हा ठोसा मारला आणि विचारलं, "आता?"

"आता जरा बरा."

हे 'जरा बरा' ऐकायला बाई दिवसभर डेपोच्या खिडकीत बसून वाट पाहायला लागल्या. अर्थात हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

चार महिन्यांनी पुढची परीक्षा लागली, तिला बाहेरून एक मोठे परीक्षक आले. भुवया पांढऱ्याशुभ्र, चेहरा इस्त्री केलेला. ठरवून दिलेल्या हालचाली एकामागून एक करून दाखवायच्या होत्या. त्यात सगळे डावीकडे वळले तेव्हा बाई उजवीकडे वळल्या. पण इतक्या ठाम वळल्या की शेजारच्या दोघांना वाटलं, आपलंच चुकलं, आणि तेही वळले. इथवर निभावलं. शेवटी जोडीची लढत. नियम असा की ठोसा पूर्ण ताकदीने मारायचा आणि समोरच्याच्या चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर थांबवायचा.

बाईंनी ठोसा मारला. त्यांच्या मते त्यांनी तो थांबवलाही होता. पण नेमकं त्याच क्षणी दातांचे डॉक्टर आधीच्या ठोशाबद्दल "माफ करा" म्हणायला पुढे वाकले.

कट्ट असा आवाज झाला. डॉक्टरांनी तळहातावर काहीतरी थुंकलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि बोबड्या आवाजात निदान सांगितलं, "वरचा, समोरचा. मूळ शाबूत आहे. फक्त तुकडा उडालाय."

"नापास," परीक्षक म्हणाले. "हातावर ताबा नाही."

बाई घरी आल्या आणि जेवल्या नाहीत. पुढच्या क्लासला गेल्या नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाही. कपडे घडी करून कपाटाच्या तळाशी गेले. सुनेला वाटलं, नापास झाल्याचं मनाला लागलं. तिने दोन दिवस वाट पाहिली, मग जड पोट सावरत त्यांच्या खाटेवर येऊन बसली.

"एवढं काय त्यात, आई? पुन्हा देता येते परीक्षा."

"परीक्षा गेली खड्ड्यात." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "इतकी वर्षं बसमध्ये काढली. लोकांनी धक्के दिले, एक जण तर अंगावर थुंकला होता. कधी कुणावर हात उचलला नाही मी. आणि मारलं कुणाला, तर त्या गरीब गाईला."

"मुद्दाम नाही मारलंत."

"ते नाही गं." त्यांनी आपल्या मुठीकडे पाहिलं. "दात तुटला ना, तेव्हा आतून बरं वाटलं मला. क्षणभरच. पण वाटलं. कुणीतरी टाळ्या वाजवत होतं आत. त्याची लाज वाटते."

सून खाटेवर जरा जवळ सरकली. मग तिने आपला कंपनीचा मधाळ आवाज काढला. "'आपला दिवस शुभ असो,' असं म्हणून मी फोन ठेवते ना, आई, तेव्हा रोज मनातल्या मनात एकाचा तरी दात पाडते. कधीकधी दोघांचे."

बाई वळल्या. "खरंच?"

"तुमचाही पाडलाय. एकदाच. गेल्या वर्षी, पडदे बदललेत तेव्हा."

बाईंना राग यायला हवा होता. आलं ते हसू, आणि असं आलं की स्वयंपाकघरातून मास्तर धावत आले. सासू-सून खाटेवर एकमेकींना धरून कशाला हसताहेत ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई दातांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर नव्या दाताने हसले. दात दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन बसवावा लागला होता, आणि त्या खुर्चीत बसल्यावर आपल्याला दरदरून घाम फुटला, हे त्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं. "इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, काही दुखणार नाही म्हणून. धादांत खोटं हो! बरं, तुम्ही क्लासला कधी येताय? सरांनी मला नवा जोडीदार दिलाय. मटणाच्या दुकानाचा मालक आहे. माझ्याकडे असा बघतो, जणू कुठून सुरुवात करावी ते ठरवतोय."

बाई परत गेल्या. हात थांबवायला शिकायचं तर रोज सराव हवा, आणि सरावाला माणूस हवा. मास्तर हाताशी होते. त्यांनी चहाचा भरलेला कप नाकासमोर धरून उभं राहायचं आणि बाईंनी कपापर्यंत ठोसा आणून थांबवायचा. पहिल्या आठवड्यात घरातले बरेच कप कानांनी अधू झाले आणि मास्तरांचे सगळे सदरे एकाच रंगाचे झाले. "चित्रकलेत याला एकसंध छटा म्हणतात," ते म्हणाले. हळूहळू चहा नुसता हिंदकळायला लागला. नात झाली त्या सुमाराला तो हिंदकळायचाही थांबला. दवाखान्यात पाळण्याशेजारी उभं राहून बाईंनी सुनेला पहिली बातमी दिली ती नात कुणावर गेली याची नाही, तर "परवा थेंबसुद्धा सांडला नाही" अशी.

दुसऱ्या परीक्षेत त्या पास झाल्या. तेच परीक्षक, त्याच भुवया. डॉक्टर मात्र या वेळी काही केल्या पुढे वाकले नाहीत. बाईंना पिवळा पट्टा मिळाला, आणि अंगरखाही त्यांच्या मापाचा शिवून झाला.

बाळ मांडीवर बसायला लागलं तेव्हा सून क्लासला परतली. वर्ग टिकला होता. उलट बाईंच्या आरोळीची ख्याती ऐकून चार माणसं वाढली होती. मास्तर नातीला घेऊन खाली लाँड्रीत बसले आणि दोघी जिना चढल्या. रांग पट्ट्याच्या मानाने लागते. पिवळी सासू पुढे, पांढरी सून सगळ्यात मागे. थोड्या वेळाने सरांना काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. त्यांनी दोघींची जोडी लावली.

बाकीच्यांचे ठोसे हवेतच विरले. मटणवाला भिंतीला टेकून उभा राहिला. डॉक्टरांनी खबरदारी म्हणून तोंडावर हात धरला.

बाईंनी ठोसा मारला, पण अंगाई म्हणावी तसा. सून तिथेच थांबली. "आई, लाड नकोत. बाळंतीण म्हणून सोडू नका मला."

मग बाईंनी खरा ठोसा मारला. कंबरेतून, पूर्ण ताकदीने. मूठ सुनेच्या नाकाशी येऊन थांबली. सुनेची पापणीही लवली नाही.

आता सुनेची पाळी. सवय सुटलेली, महिनोन्महिने झोप नाही, आणि ताब्याचं म्हणाल तर नाव नको. तिची लाथ थांबली ती सासूच्या पोटात गेल्यावरच. कंडक्टरबाई धप्पदिशी खाली बसल्या.

सून दोन्ही हात तोंडावर घेऊन उभी. सर धावले. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं, एक लांब श्वास घेतला आणि सुनेला विचारलं, "हे कशाबद्दल होतं?"

"नाही हो, आई, चुकून..."

"खरं सांग."

सुनेने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "परवा मी मुश्किलीने तिला झोपवलं होतं, आणि तुम्ही 'बघू तरी' म्हणून उचललीत."

"बरं. रास्त आहे." बाई डॉक्टरांचा हात धरून उठल्या आणि पट्टा आवळला. "अजून काही आहे?"

"आहे थोडंफार."

"मग एकदम नको. एकेक करून घे. आणि मध्ये मध्ये माझंही आहे."

त्या दिवसापासून सर त्या दोघींची जोडी वर्गाच्या शेवटीच लावतात, नाहीतर बाकीचे हातपाय हलवायचे सोडून बघतच बसतात. आणि घरात सासू-सुनेचं कसं काय चाललंय, असं कुणी विचारलंच, तर मास्तर नातीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतात आणि सांगतात, "उत्तम चाललंय. आठवड्यातून दोनदा मारामारी होते."