ज्याने मारलं, त्यानेच आणलं

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा मी नर्स म्हणून कुलाबा जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावी आले. रेवदंड्याला होडीने खाडी ओलांडायची आणि पुढे चालत सुटायचं. मी घाटावरची, बावीस वर्षांची, एकटी. दवाखान्यात डॉक्टर, एक कंपाउंडर, मी आणि सहा खाटा. जखमा यायच्या त्या कामधंद्याच्या. कुणी माडावरून पडलेला, कुणाच्या पायात माशाचा काटा मोडलेला, कुणी सुपारी कातरताना बोट कापून घेतलेली. माणसाने माणसाला केलेली जखम पहिलं वर्षभर मी पाहिलीच नाही.

ती पाहिली एका दुपारी. एक कोळी दुसऱ्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढला. दोघंही रक्ताने माखलेले, त्यामुळे लागलंय कुणाला हेच क्षणभर कळेना. पाठीवरच्या माणसाच्या खांद्यावर कोयत्याचा वार होता.

"कुणी मारलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," आणणारा म्हणाला. "जाल्याच्या जागेवरून बोलणं वाढलं. आधी याचं रगत थांबवा, मंग माजं काय ते बघा."

टाके घालताना त्यानेच मित्राचा हात घट्ट धरून ठेवला. नंतर बाहेर पायरीवर जाऊन जमादाराची वाट बघत बसला. त्याला शिक्षा झाली, अलिबागच्या तुरुंगात गेला.

जखमी माणसाची बायको ओली बाळंतीण. तिला खाटेपाशी बसणं शक्य नव्हतं. म्हणून आली ती मारणाऱ्याची बायको. सकाळी मासळी विकून झाली की टोपली घेऊन तशीच यायची आणि त्याला पेज भरवायची. पहिले दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "माज्यावर रागव हवा तेवढा. पेजेनं तुजं काय केलंय?"

त्याला हसू आलं, हसताना टाके ओढले म्हणून कण्हला, आणि मग पेज प्यायला.

ती माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. "एकलीच ऱ्हातंस गो? भ्या न्हाय वाटत?" असं तिने मला विचारलं, आणि त्या दिवसापासून मी तिची झाले. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. सुटीच्या दिवशी ही मला अंगणात समोर बसवून डोक्याला तेल लावायची, गुंता झाला की माझ्यावरच ओरडायची. खोबरेल तेलातूनही तिच्या हातांना समुद्राचा वास यायचा. पहिले काही महिने मला तो सोसवायचा नाही. पुढे रजेवर गेले की त्याच वासाची आठवण यायची. तिचा नवरा सुटून आला, आणि वर्षभरात ते दोघं मित्र पुन्हा एकाच होडीवर दिसू लागले. गावाला त्यात काही नवल वाटलं नाही. मला वाटलं.

मग गाव वाढलं. रस्ता झाला, एस.टी. आली, बर्फाचा कारखाना निघाला, तंबूतला सिनेमा येऊ लागला. मला ते सगळं आवडलं होतं, उगीच खोटं कशाला सांगू? दवाखान्यात वीज आली तेव्हा मी पेढे वाटले. पण भाड्याच्या खोल्यांतून अनोळखी माणसं भरली, दारूबंदीमुळे खाडीच्या झाडीत हातभट्ट्या लागल्या, आणि जखमांची जात बदलली. बाटलीच्या काचेच्या, वस्तऱ्याच्या, पाठीमागून केलेल्या. आधी वर्षाकाठी एखादी यायची, मग पगाराच्या प्रत्येक शनिवारी येऊ लागली. "कसं लागलं?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "पडलो." कुणी कुणाचं नाव घेत नसे. आणणारे खाटेवर टाकून निघून जात. एकदा दोन टोळ्या आमच्या ओसरीवरच भिडल्या, तेव्हापासून आवाराला फाटक बसलं.

तिचा नवरा तोवर गुडघ्यांनी थकला होता. होडी सोडून तो बर्फाच्या कारखान्यावर राखणदार म्हणून लागला. हातभट्टीवाल्यांना कारखान्यामागे दारूचे डबे ठेवायचे होते. त्याने ठेवू दिले नाहीत. एका सकाळी पोलिसांनी त्याला हातगाडीवरून आणलं. पोटात दोन वार होते. उजाडल्यापासून तो रस्त्याकडेला पडून होता. पहिल्या एस.टी.ला जाणाऱ्या लोकांनी पाहिलं होतं, पण साक्षीला कोण उभं राहणार म्हणून वळसा घालून गेले. दहाच्या सुमारास तो गेला.

ती बाजारातून धावत आली. तो गेला हे तिला माझ्या तोंडाकडे बघूनच समजलं.

"कोनी मारला?"

"माहीत नाही."

"हितं कोनी आणला?"

"पोलिसांनी."

तिने त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "जाताना त्याच्यापाशी कोन व्हतं?"

"मी होते. हात धरून होते."

तिने माझ्या गालावर तळवा ठेवला. रडली ती त्यानंतर. कोयत्याची खूण असलेल्या त्या मित्राने तिरडीला आपला दुसरा, धड खांदा दिला आणि दहा दिवस तिच्या दारात बसून राहिला. मारेकरी सापडले नाहीत. नावं सगळ्यांना ठाऊक होती, पण कुणी घेतली नाहीत.

पावसाळा संपायच्या आत ती मुंबईला दिलेल्या लेकीकडे निघाली. "भाऊच्या धक्क्यावर ये नि माजं नाव सांग," एस.टी.च्या खिडकीतून ती म्हणाली. "कोनी बी दाखवील."

कामाच्या रगाड्यात माझी दोन वर्षं गेली. शेवटी गेले तेव्हा मासळीबाजार या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा फिरले. एका बाईने सांगितलं, लेकीचं बिऱ्हाड हललं, ती पण गेली, बहुतेक वसईकडे. पत्ता कुणाकडेच नव्हता.

परतताना लाँचच्या कठड्याशी उभी राहून, तिला काय काय सांगायचं ठरवलं होतं ते मी आठवत राहिले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई आल्या. तिच्या घराला नव्या लोकांनी निळा रंग दिला. आणि माझी बदली मी दोनदा थांबवली, ती कुणासाठी. हे ऐकायला दुसरं माणूस मला पुढे कधी मिळालं नाही.