आजी होममेकर आहे

इंग्रजीत अगदी एकाच अर्थाचे दोन शब्द नसतात, हे मी बेळगावच्या एका हायस्कुलात वर्षानुवर्षं शिकवत आले. 'सी' म्हणजे दिसणं, 'लुक' म्हणजे मुद्दाम बघणं, 'वॉच' म्हणजे बघत राहणं. पोरं वैतागतात, मला मात्र त्यात मजा यायची. यायची म्हणते, कारण निपाणीच्या स्टँडसमोर मोबाइलच्या दुकानाच्या माडीवर एका सरांनी या जोड्यांचा जो धंदा मांडलाय, तो बघितल्यापासून फळ्यावर दोन शब्द शेजारी लिहायचीसुद्धा मला किळस यायला लागली आहे. शी!

त्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला माझी धाकटी बहीण जात होती. ती, तिचा नवरा, मुलगी आणि आमची आई निपाणीला एकत्र राहतात. त्या चार वर्षांच्या मुलीला हायवेवरच्या मोठ्या इंग्लिश मीडियम शाळेत घालायचं बहिणीच्या मनात होतं, आणि तिथं पोरीबरोबर आईबापांचीही मुलाखत होते. तिनं नुसता ध्यास घेतला होता. "माझी पोरगी माझ्यागत लोकांची ब्लाउजं शिवत बसायची न्हाय, आक्का," म्हणायची. मी म्हटलं, अगं, घरची मास्तरीण असताना क्लास कशाला? तर म्हणाली, "तुझं इंग्लिश सरकारी शाळेतलं. तिथं ते चालत न्हाय." आता घ्या!

तिथं चालणारं इंग्लिश मी एका रविवारी ऐकलं. बहीण चपात्या लाटत होती आणि डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधनं सर बोलत होते. "टेलर म्हणायचं नाही, फॅशन डिझायनर म्हणायचं. मीनिंग सेम, यूसेज डिफरंट." बहीण लाटण्याच्या तालावर म्हणत होती, फॅशन डिझायनर, फॅशन डिझायनर. तिचा नवरा तंबाखूच्या वखारीत पोती उचलतो, त्याचा 'ॲग्री बिझनेस' झाला. घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, तर विहाराचं नाव गिळायचं आणि 'नियर हायवे' म्हणायचं. अहो, निपाणीत हायवेपासून लांब आहे तरी काय? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

मग आईची पाळी आली.

आई जन्मभर विड्या वळत आली. वडील लवकर गेले, आम्हाला भाऊ नाही. आम्हा दोघींच्या शाळा, माझं बी.एड., बहिणीचं लग्न, सगळं तिच्या बोटांवर निघालं. अजूनही सकाळी ती उंबऱ्याजवळ उजेडाला बसते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. गल्लीतल्या बायकांशी गप्पा मारत असते आणि बोटं आपली चालूच. तिच्याबद्दल सरांनी सांगितलं होतं, "बीडी वर्कर हा वर्ड तोंडातनं येताच कामा नये. ग्रॅनी इज अ होममेकर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "होममेकर म्हणजे घर सांभाळणारी. आईनं घर सांभाळलं ते विड्या वळून. दोन्हीचा अर्थ एक कसा होईल गं? विचार तुझ्या सरांना."

"तू नगो शिकवू," बहीण लाटणं आपटून म्हणाली. "तुझं झालं सगळं. शाळेत पोरी आपल्याला काय काय म्हणायच्या, इसरलीस व्हय?"

विसरेन कशी? शेजारची पोरगी नाक धरून बाकावरनं सरकायची. दप्तराला वास, भाकरीला वास, केसांना वास. तंबाखूचा म्हणायच्या, पण नाक फक्त तंबाखूसाठी धरत नव्हत्या, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. बहिणीनं ते माझ्यापेक्षा जास्त सोसलंय, म्हणून मी वाद सोडून तव्यावरची चपाती उलटली. पण त्या माणसाच्या गोड आवाजाची जी शिसारी बसली ती बसली. आमचीच लाज आम्हालाच विकत होता मेला!

मुलाखतीला मी सोबत गेले; बहीण, तिचा नवरा आणि पोरगी आत गेली, मी बाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं. आतनं रूम फ्रेशनरचा असा भपका येत होता की मी पदर नाकाला लावला. मुख्याध्यापिकाबाई फाडफाड इंग्रजी बोलत होत्या. मध्येच त्यांचा फोन वाजला. "अगं, गॅस बारीक कर म्हणून सांगितलं न्हवतं व्हय तुला? आता करपलं तर मी काय करू?" एवढं बोलून फोन ठेवला आणि लगेच बहिणीला म्हणाल्या, "ओन्ली इंग्लिश ॲट होम, ओके?" मला हसूही आलं आणि थुंकावंसंही वाटलं.

शेवटी त्यांनी पोरीला विचारलं, ग्रॅनी काय करते? पोरगी आधी आईकडं वळून बघायला लागली. बहिणीची मान जराशी हलली.

"माय ग्रॅनी इज होममेकर."

"व्हेरी गुड!"

प्रवेश मिळाला. बहिणीनं गल्लीत पेढे वाटले, पहिला आईच्या तोंडात घातला. आईनं विचारलं, "माझ्याबद्दल इचारलं व्हय गं? काय म्हणाली पोर?"

"आजी घर बघती म्हणाली."

"बरं झालं," आई म्हणाली आणि परत पानं कापायला लागली.

शाळा सुरू झाली आणि व्हॅन दारात यायला लागली. व्हॅनमध्ये दुसरी मुलं, कधी त्यांच्या आया. बहिणीच्या जिवाला घोर लागला. मी गेले तेव्हा रडायलाच लागली. "आईला बघून कुणी शाळेत सांगितलं तर? खोटं बोललो म्हणून काढून टाकतील पोरीला." मी म्हटलं, कुणी काढत नाही. पण म्हणताना माझीही खात्री नव्हती. त्या शाळेचा काय नेम! "व्हॅन येस्तोवर तर बसती ती दारात," बहीण डोळे पुसत म्हणाली. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

त्या रात्री मी तिथंच राहिले. सकाळी आई नेहमीसारखी उंबऱ्याजवळ विड्या वळत होती. शेजारी बसून पोरीनं बूट घातले, बाटली गळ्यात अडकवली. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. पोरीनं आजीच्या गालाचा मुका घेतला आणि रोजच्या सवयीनं, अगदी लाडानं म्हणाली,

"आजी, व्हॅन आली. आत जा."

"व्हय गं बाळा, जातो की," म्हणत आई गुडघ्यावर हात टेकून उठली, सूप सावरलं आणि आत गेली.