वरची जमीन आमची

रिटायर झाल्यावर टोरोंटोचा कॉन्डो विकून उत्तरेला तळ्याकाठी जाऊन राहायचं, हा आमच्या ह्यांचा ध्यास. शांतता हवी, बाकी काही नको. दोन खोल्यांचं लाकडी घर घेतलं तेव्हा मीही खूश होते, खोटं कशाला बोलू? वर्षभरात पत्र आलं, की आमच्या जमिनीवर एका खाण कंपनीने क्लेम नोंदवलाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घर आमचं, टॅक्स आम्ही भरतो, आणि हे कोण उपटसुंभ?

वकील म्हणाला, जमीन तुमचीच, पण वरची. खालचं खनिज सरकारचं, आणि ते शोधायचा हक्क जो आधी नोंदवेल त्याचा. आम्ही आपले सातबाऱ्यावर नाव लागलं की पाताळापर्यंत सगळं आपलं, अशा समजुतीत वाढलेले. पूर्वी निदान रानात येऊन कोपऱ्यांवर खुंट ठोकावे लागत. आता घरबसल्या नकाशावरचा चौकोन निवडला की झालं.

ह्यांनी मनावर घेतलं. ऑनलाइन कोर्स करून लायसन्स काढलं आणि कंपनीची मुदत संपायची वाट बघत बसले. कंपनीने काहीच काम केलं नाही, क्लेम रद्द झाला, चौकोन मोकळा झाला. त्याच सकाळी ह्यांनी तो स्वतःच्या नावावर नोंदवला. मी शिरा केला.

पुढचा नियम ह्यांना कोर्समध्येच कळला होता, मला मात्र शिरा खाऊन झाल्यावर सांगितला. क्लेम टिकवायचा तर मुदतीत शोधकाम करून त्याचा रिपोर्ट द्यायचा, नाहीतर तो पुन्हा सगळ्यांना खुला. म्हणजे आपल्या जमिनीत कुणी खणू नये म्हणून आपणच खणायचं! काय म्हणावं ह्याला?

तो अख्खा उन्हाळा हा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून घरामागचं शेवाळ खरवडत आणि हातोड्याने खडक फोडत होता. डास चावून मान सुजली. मी चहा नेऊन द्यायचे आणि बडबडायचे. दगड लॅबला गेले, आणि एका दगडात तांबं आणि निकेल निघालं, चांगलंच. सरकारकडे गेलेला रिपोर्ट पुढे कुणालाही वाचता येतो, हे एव्हाना मलाही ठाऊक होतं.

"अहो, बाकीच्या दगडांचं लिहा, तेवढा एक राहू द्या ना," मी म्हटलं.

"खाली सही माझी आहे. खोटं नाही लिहिणार."

आयुष्यभर बँकेत ऑडिट केलेला माणूस. मी हात टेकले.

आमचा क्लेम टिकला. काही महिन्यांत तळ्यापलीकडचं रान आणि मागची टेकडी, सगळे चौकोन कंपन्यांनी उचलले. आमच्या हद्दीत कुणी पाऊल टाकत नाही. पलीकडे मात्र पहाटेपासून ड्रिल चालतं आणि मांडणीतली भांडी थरथरतात. भर उन्हाळ्यात आम्ही खिडक्या लावून बसतो. मला आता तिथे नकोसं झालंय.

परवा जेवताना ह्यांनी घास तसाच ताटात ठेवला.

"पहिली कंपनी तर सोडून गेली होती गं," ते म्हणाले. "ह्या सगळ्यांना मीच पत्ता दिला."

खरंच होतं ते. मी त्यांच्या ताटात आमटी वाढली.