कुमुदच्या व्हॅनचं मागचं दार

सोसायटीत कुमुदला सगळे ‘व्हॅनवाली आंटी’ म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. लग्न होऊन ती पुण्याहून दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आली, तेव्हा ऑटोवाल्याशी धड हिंदीत बोलताही येत नव्हतं. पुढे नवऱ्यानं, विश्वनाथरावांनी, सरकारी नोकरी सोडून गुडगावच्या कंपनीत उडी घेतली आणि दोघं तिथल्या या सोसायटीत बाराव्या मजल्यावर राहायला आले. खिडकीतून क्रेन बघून बघून कंटाळलेल्या कुमुदनं बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकून शाळेची व्हॅन सुरू केली. नऊ मुलं. कुणाला खोकला, कुणाची वही घरी राहिली, सगळं तिला तोंडपाठ.

सहा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आणि सप्टेंबरातल्या एका सकाळी व्हॅन मागे घेताना कर्रकन आवाज झाला. उतरून बघते तर राघवची लाल सायकल चाकाखाली. राघव पलीकडे बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता.

“सायकलवर तो असता तर?” त्याची आई अलका एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी अलका वर आली. “कुमुदताई, राग मानू नका. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेपर्यंत काहीतरी करा. नाहीतर मी राघवला दुसऱ्या व्हॅनला लावते.” अलका गेली की बाकीच्या आया मागोमाग जाणार, हे कुमुदला सांगायला नको होतं.

मागे काही असलं की वाजणारे सेन्सर तेव्हा बड्या साहेबांच्या गाड्यांनाच असत. ते बसवणारा अंबादास मूळचा परभणीचा. कलेक्टर व्हायला दिल्लीत आला, चारदा परीक्षा दिली आणि शेवटी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात रमला. कुमुदनं त्यालाच गाठलं.

“बंपरला बसवतात, काकू.”

“बंपरवर मुलं पाय देऊन दप्तरं टाकतात. आठवडाभरात चुरा होईल. दाराला बसव.”

“दार वर उघडतं. वायर रोज वाकणार, तुटणार.”

“मग वाकायला जागा ठेव.”

अंबादासनं बिजागरीपाशी वायर जरा सैल सोडली आणि वरून प्लॅस्टिकची लवचीक नळी घातली. दाराच्या खालच्या कडेला चार भोकं पाडली. दप्तरं आपटून सेन्सर फुटू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती रबराची कडी हवी होती. कुमुदनं घरातून विश्वनाथरावांच्या हवाई चपला आणल्या.

“काकांना विचारलंत?”

“ते ऑफिसात आहेत. काप.”

दसऱ्याला कुमुदनं घरातल्या सुऱ्या, कात्र्या, पुस्तकं यांची पूजा केली आणि मग पार्किंगमध्ये व्हॅनची. दरवर्षी हार बॉनेटवर असे. पण यंदाचं नवं हत्यार मागच्या दारावर होतं. तिनं चारही सेन्सरच्या वर हळदकुंकू लावलं आणि आंब्याची पानं गुंफलेला झेंडूचा जाड हार दाराला आडवा बांधला. अलकानंही वाकून नमस्कार केला.

शाळा उघडली त्या सकाळी गेटपाशी नऊ मुलं आणि सात आया जमल्या. कुमुदनं देवाचं नाव घेऊन रिव्हर्स टाकला.

टीं-टीं-टीं-टीं!

मागे रिकामा रस्ता. ती फूटभर पुढे गेली, पुन्हा मागे आली. टीं-टीं-टीं!

“हे तर काही नसतानाच ओरडतंय,” अलका म्हणाली. “खरंच कुणी असेल तेव्हा कसं कळणार? राघव, उतर.”

राघव उतरला. त्याच्यामागून आणखी दोघं. कुमुदनं अंबादासला फोन लावला. तो जवळच राहायचा, दहा मिनिटांत स्कूटरवर आला. वायर ठीक. कड्या घट्ट. तो उकिडवा बसला.

“आधी प्रश्न नीट वाचू, काकू. परीक्षेत मी तिथंच मार खाल्ला. काय होतंय?”

“मागे काही नसताना वाजतोय.”

“काही म्हणजे काहीच नाही?”

“अरे काही नाही! परवा तू गेलास तेव्हा बरोबर चालत होता. त्यानंतर कुणी हात लावला नाही. फक्त पूजा...”

कुमुद थांबली. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दोरा सैल पडून हार खाली ओघळला होता, आणि चारही सेन्सरच्या ऐन नाकासमोर झेंडूचे गोंडे डुलत होते.

“मम्मी, गेंदा!” राघव ओरडला.

“झेंडू म्हण,” अलका म्हणाली आणि तिलाच हसू फुटलं. “आणि मी मेली त्याला नमस्कार केला!”

“दिल्लीत हजार गाड्यांना बसवले,” अंबादास कपाळाला हात लावून म्हणाला, “पण सेन्सरला हार घालणारं गिऱ्हाईक पहिलंच.”

हार बॉनेटवर गेला. रिव्हर्स टाकला; शांतता. मग अलकानं स्वतः दुरुस्त होऊन आलेली लाल सायकल मागे आणून उभी केली. कुमुद इंच इंच मागे आली. टीं... टीं... टीं-टीं! व्हॅन सायकलपासून वीतभर अंतरावर थांबली. आयांनी टाळ्या वाजवल्या.

सायकल बाजूला झाली. पण निघण्याआधी कुमुद खाली उतरली, व्हॅनच्या मागे गेली, वाकून चाकाखाली पाहिलं आणि मगच परत येऊन बसली. सायकल चाकाखाली आली त्या सकाळपासून ती रोजच असं करत होती.

“आता सेन्सर आहे ना, ताई?” अलकानं विचारलं.

“आहे की. पण तो सायकल आणि झेंडू एकाच आवाजात सांगतो.”

अलकानं राघवचं दप्तर उचललं, मागचं दार उघडलं आणि रबराच्या कड्यांना धक्का लागणार नाही असं अलगद आत ठेवलं.

“चल बस, राघव. आंटीला उशीर होतोय.”

शाळेपर्यंत नऊच्या नऊ मुलं, रस्त्यात कुणीही आडवं आलं की, टीं-टीं करत होती.